ऑस्बर्न हाउस
ऑस्बर्न हाउस : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरील आइल ऑफ वाइट बेटावरचे राणी व्हिक्टोरियाचे समुद्रकाठचे निवासस्थान. ईस्ट काउझ गावाजवळच्या चढावर ते उभे असून त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागेतून सोलंट सामुद्रधुनी दिसते. बांधकाम १८४५ ते १८५१ या काळात झाले. दरबार दालनाची शाखा १८९०–९१ मध्ये जोडली गेली. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडचे घरगुती आणि साम्राज्याचे, असे दोन्ही चेहरे या एकाच वास्तूत पाहायला मिळतात.

इतिहास : व्हिक्टोरिया लहानपणी आईबरोबर याच बेटावरील नॉरिस कासलमध्ये राहून गेली होती. पुढे राणी झाल्यावर तिला लंडन व विंडसर येथील दरबारी वातावरणापासून दूर, मुलाबाळांसह मोकळेपणाने राहता येईल असे घर हवे होते. ब्रायटनचा राजवाडा भर वस्तीत असल्याने तिथे खासगीपणा मिळत नसे. पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांनी ऑस्बर्नची मालमत्ता सुचवली. राणी व तिचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी १८४५ मध्ये ती खरेदी केली. जुने घर अपुरे पडणार हे लवकरच ध्यानात आले, म्हणून शेजारी नवे घर बांधायला घेतले. सप्टेंबर १८४६ मध्ये राजकुटुंब मुख्य भागात राहायला आले आणि नंतर जुने घर पाडण्यात आले.

वास्तुरचना : आराखडा अल्बर्ट आणि लंडनचे नामवंत बांधकाम व्यावसायिक टॉमस क्युबिट यांनी मिळून आखला. इथल्या समुद्राच्या देखाव्याने अल्बर्टना नेपल्सच्या उपसागराची आठवण होई; घरही त्यांनी इटालियन प्रबोधनकालीन प्रासादाच्या धर्तीवर बांधून घेतले. ध्वजाचा आणि घड्याळाचा असे दोन चौकोनी मनोरे लांबूनही उठून दिसतात. ध्वजमनोऱ्याची उंची सुमारे १०७ फूट आहे. बाहेरून घर दगडी भासते, पण भिंती विटांच्या असून त्यांवर सिमेंटचा गिलावा आहे. आगीचा धोका टाळण्यासाठी मजल्यांना बिडाच्या तुळया घालून त्यांच्यामध्ये विटांच्या कमानी भरल्या. बागेतील अनेक कुंड्या व पुतळेही सिमेंटचेच आहेत. नव्या काळाची सामग्री आणि जुन्या इटलीचे रूप यांचा मेळ क्युबिट यांनी उत्तम साधला.

तळमजल्यावर दिवाणखाना, भोजनगृह आणि बिलियर्डची खोली जिन्याभोवती तिन्ही बाजूंनी वळवून रचल्या आहेत. दिवाणखाना आणि बिलियर्डची खोली यांच्यामध्ये भिंत नाही, फक्त खांब आहेत. या रचनेमागे एक व्यवहारी विचार होता. राणीसमोर बसायचे नाही असा दरबारी रिवाज होता. पण कोपऱ्याआडच्या बिलियर्डच्या खोलीत मानकरी राणीच्या हाकेच्या अंतरावर असूनही तिच्या नजरेआड राहत आणि त्यांना निवांत बसता येई. जिन्याच्या वरच्या भिंतीवर विल्यम डाइस यांचे १८४७ चे भित्तिचित्र आहे : समुद्रदेव नेपच्यून सागराचे राज्य ब्रिटानियाच्या हवाली करीत आहे. राजदांपत्याच्या नावांची आद्याक्षरे घरभर एकमेकांत गुंफलेली दिसतात; धूम्रपानाच्या खोलीच्या दारावर मात्र एकट्या अल्बर्टचे अक्षर आहे.

कौटुंबिक जीवन : मुलांच्या खोल्या आईवडिलांच्या दालनांच्या थेट वरच्या मजल्यावर होत्या. घरापासून काही अंतरावर १८५३–५४ मध्ये ‘स्विस कॉटेज’ हे लाकडी घर बांधले. तिथे राजपुत्र-राजकन्या स्वयंपाक शिकत आणि आपापल्या वाफ्यात भाजी पिकवत. अल्बर्ट ती बाजारभावाने विकत घेत. प्रत्येकाच्या नावाची अक्षरे रंगवलेल्या त्यांच्या छोट्या ढकलगाड्या आजही जपलेल्या आहेत. खाली खासगी किनारा आहे. ३० जुलै १८४७ रोजी राणीने आयुष्यात पहिल्यांदा समुद्रस्नान केले, ते इथेच. त्यासाठी पाण्यात उतरवता येणारी चाकांवरची खोली होती. १४ डिसेंबर १८६१ रोजी अल्बर्ट वारले. त्यानंतरच्या दीर्घ वैधव्यात राणी वारंवार इथे येत राहिली. जानेवारी १८७८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तिला टेलिफोनचे प्रात्यक्षिक दाखवले, तेही याच घरात.

दरबार दालन : भारतीय वाचकाने या घरात सर्वाधिक वेळ द्यावा तो इथे. व्हिक्टोरिया १८७७ पासून भारताची सम्राज्ञी म्हणवली जाऊ लागली, पण भारतात ती कधीच आली नाही. मेजवान्या व समारंभांसाठी बांधलेल्या या दालनाचे काम जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या सल्ल्याने झाले. किपलिंग हे लेखक रडयार्ड किपलिंग यांचे वडील. १८६५ ते १८७५ या काळात ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते आणि नंतर लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य झाले. प्रत्यक्ष नक्षीची सिद्धता लाहोरमधील त्यांचे शिष्य भाई राम सिंग यांनी केली. सुतारांच्या घराण्यात जन्मलेल्या या शीख कलावंताने १८९१ मध्ये ऑस्बर्नला मुक्काम करून नमुने घडवले. त्यांबरहुकूम इंग्लिश कारागिरांनी प्लास्टर आणि कागदाच्या लगद्याचे भाग ओतून बसवले. छत खणाखणांचे असून ते आणि भिंती पांढऱ्याशुभ्र, दाट जाळीदार नक्षीने भरल्या आहेत. शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला भव्य मोर आहे. सजावटीत गणपतीही आहे. जमिनीवरचा गालिचा आग्र्याचा. लाकडात आणि दगडात मुरलेली पंजाबची हातोटी इथे प्लास्टरमध्ये उतरली आहे, आणि तरीही तिचा डौल कुठे उणावलेला नाही.

उत्तरकाळ : २२ जानेवारी १९०१ रोजी व्हिक्टोरिया ऑस्बर्नमध्येच मरण पावली. सातव्या एडवर्डने १९०२ मध्ये ही मालमत्ता राष्ट्राला दिली. परिसरात १९०३ ते १९२१ या काळात नौदलाचे विद्यालय चालले. घराच्या एका भागात अधिकाऱ्यांसाठी आरोग्यधाम होते. राणीची खासगी दालने १९५४ पासून लोकांसाठी खुली झाली. आता ‘इंग्लिश हेरिटेज’ ही संस्था वास्तूची देखभाल करते.

दरबार दालनाकडे नेणाऱ्या मार्गिकेत राणीने चित्रकार रूडोल्फ स्वोबोडा यांच्याकडून काढवून घेतलेली भारतीय माणसांची व्यक्तिचित्रे आहेत. त्यांत विणकर, कुंभार, शिपाई असे सामान्य लोक पुष्कळ आहेत. भाई राम सिंग यांचेही व्यक्तिचित्र त्यांत आहे.