वेगात धावायला कुशनचे शूज घेताय? फोम, प्लेट, ड्रॉप आणि किंमत: सगळं सोप्या भाषेत

रनिंग शूजच्या ऑनलाइन पानावर आजकाल मोबाईलसारखीच स्पेसिफिकेशनची यादी असते. फोमचं नाव, सोलची उंची, ड्रॉप, वजन, प्लेट. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि आठवड्यातून चार दिवस धावते, त्यामुळे ऑफिसमध्ये एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "वेग वाढवायचाय. सगळ्यात मऊ शूज कुठले?"

गडबड या 'सगळ्यात मऊ'मध्येच आहे. दुकानात अंगठ्याने दाबून मऊ वाटणारा शू वेगात चांगला चालेलच असं नाही. पगारातले दहा-वीस हजार रुपये जातात, आणि जोडी जमली नाही तर नडगी किंवा पोटरी कुरकुरायला लागते ते वेगळंच. म्हणून यादीतल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ काय आणि कशाकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, ते आज बघू.

आधी ठरवा: 'वेगात' म्हणजे किती?

सरावातले वेगवान रन साधारण दोन प्रकारचे असतात. टेम्पो रन म्हणजे २० ते ४० मिनिटं दमछाक होईल पण टिकवता येईल अशा वेगाने धावणं. इंटरव्हल म्हणजे ४०० मीटर ते १ किलोमीटरचे जोरदार तुकडे आणि मध्ये हळू जॉगिंग.

तुमचा पेस फोनमधल्या ॲपवर दिसतोच. ताशी १० किमी म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं, ताशी १२ किमी म्हणजे ५ मिनिटं. हा आकडा लक्षात ठेवा. शूजच्या जाहिरातीतले बरेच दावे याहून खूप वेगात धावणाऱ्यांवर तपासलेले असतात.

कुशन म्हणजे नुसता मऊपणा नाही

पाय जमिनीवर आपटतो तेव्हा फोम दबतो आणि पाय उचलताना परत फुगतो. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत: फोम किती दबतो, आणि दाबताना घातलेल्या ऊर्जेपैकी किती परत देतो. उशी खूप मऊ असते पण परत काहीच देत नाही. टेनिस बॉल तेवढा मऊ नसतो, पण उसळतो. वेगवान सरावाला बॉलचा गुण जास्त हवा.

मग कुशनचा उपयोगच नाही का? आहे. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखेच, फक्त कडकपणा वेगळा असलेले शूज देऊन तपासणी झाली. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार कडक शूजवाल्यांमध्ये दुखापतीचं प्रमाण जास्त होतं. पण २०१८ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात दुसरी बाजूही आली. नेहमीचे शूज आणि खूप जाड कुशनचे शूज यांची तुलना केली, तेव्हा ताशी १४.५ किमी वेगाला जाड कुशनमध्ये पायावरचा धक्का उलट वाढला. कारण मऊ थर मिळाला की शरीर पाय जास्त ताठ ठेवून धावतं. ही तुलना फक्त १२ जणांवर होती, त्यामुळे तिला नियम समजू नका.

दोन्ही मिळून सांगायचं तर: कुशन हवं, पण जितकं जाड आणि मऊ तितकं चांगलं हा हिशेब वेगात लागू होत नाही. सोलची उंची म्हणजे कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल. नुसत्या आकड्यावरून फोटो कसा येईल ते कळत नाही.

फोमचे मुख्य प्रकार

कंपनी फोमला काहीही भारी नाव देऊ दे, मूळ माल बहुतेक वेळा यांपैकीच असतो.

१. ईव्हीए: सगळ्यात जुना आणि स्वस्त. हलका असतो, पण उसळी कमी आणि वापरून लवकर चपटा होतो. साध्या जॉगिंगला पुरतो.

२. टीपीयू: आदिदासने २०१३ मध्ये 'बूस्ट' आणला तो हाच. थर्माकोलसारखे दाणे एकमेकांना चिकटवलेले दिसतात. उसळी चांगली, टिकाऊही आहे, पण वजनाला जड.

३. पेबा: २०१७ मध्ये नायकीच्या 'व्हेपरफ्लाय ४%'मुळे गाजला. एकदम हलका आणि सगळ्यात जास्त उसळी, पण महाग आणि मानाने कमी टिकाऊ.

याशिवाय 'सुपरक्रिटिकल' हा शब्द दिसेल. तो वेगळा पदार्थ नाही, बनवण्याची पद्धत आहे. जास्त दाबाखाली नायट्रोजनसारखा वायू प्लॅस्टिकमध्ये मिसळून त्याला फुगवतात. पुमाच्या 'नायट्रो'चं नाव त्यावरूनच आलंय. या पद्धतीने बनवलेला ईव्हीएसुद्धा साध्या ईव्हीएपेक्षा हलका आणि उसळता असतो. मधल्या किमतीत हाच पर्याय मला सगळ्यात हिशेबी वाटतो.

उसळीत फरक किती? कोलोराडो विद्यापीठात मशिनवर तीन शूज दाबून बघितले तेव्हा व्हेपरफ्लायच्या नमुन्याने ८७ टक्के ऊर्जा परत दिली, बूस्टच्या शूने सुमारे ७६ टक्के आणि नायकीच्याच जुन्या रेसिंग शूने सुमारे ६५.५ टक्के. धावणाऱ्यांची ऊर्जा सरासरी ४ टक्के वाचली, शूच्या नावातले '४%' तेच. या अभ्यासाला नायकीचा पैसा होता आणि धावणारे ताशी १४ ते १८ किमी वेगाचे होते, हे दोन्ही लक्षात ठेवा.

कार्बन प्लेट हवी की नको?

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कार्बन प्लेटचे शूज आपल्याकडे साधारण वीस हजारांच्या आसपास किंवा त्याहून वर असतात. प्लेट म्हणजे सोलच्या आत बसवलेली कडक, वाकडी पट्टी. ती स्प्रिंगसारखी ढकलते असा बऱ्याच जणांचा समज आहे. पण संशोधकांनी व्हेपरफ्लायमधली प्लेट करवतीने जागोजागी कापून बघितली, तरी धावणाऱ्यांच्या ऊर्जेच्या खर्चात फारसा फरक पडला नाही. म्हणजे बहुतेक काम फोम करतो. मऊ, उंच फोमला आकार आणि थोडी स्थिरता देणं, हा प्लेटचा एक उपयोग मात्र आहे.

दुसरं म्हणजे वेग. २०२३ च्या एका अभ्यासात अशाच रेसिंग शूजमुळे ताशी १२ किमीला सरासरी १.४ टक्के आणि ताशी १० किमीला फक्त ०.९ टक्के ऊर्जा वाचली. काही जणांना तर फायदाच झाला नाही. १० किमीला तुम्हाला तासभर लागत असेल, तर हिशेब साधारण अर्ध्या मिनिटाचा आहे. शर्यतीत अर्धं मिनिट मोलाचं असेलही, पण मंगळवारच्या सरावात त्याला काय किंमत?

आणि पायावरचा भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. कार्बन प्लेटचे शूज वापरणाऱ्या ५ धावपटूंना पायाच्या मधल्या भागातल्या नॅव्हिक्युलर हाडाची दुखापत झाल्याची नोंद २०२३ मध्ये डॉक्टरांनी केली. पाच जणांवरून दोष सिद्ध होत नाही, पण असे शूज रोजच्या सरावात वापरू नयेत एवढा इशारा पुरेसा आहे.

माझं मत स्पष्ट आहे: किलोमीटरला ५ ते ६ मिनिटांचा पेस असेल तर बिनप्लेटचा, नाहीतर नायलॉन किंवा ग्लासफायबरचा लवचीक आधार असलेला शू घ्या.

बाकीचे आकडे कसे वाचायचे?

वजन: प्रत्येक शूला १०० ग्रॅम वाढले की ऊर्जेचा खर्च साधारण १ टक्का वाढतो. वेगवान सरावाला २२० ते २६० ग्रॅम चांगले. वेबसाइटवरचं वजन एका ठरावीक साइजचं असतं, तुमच्या साइजचं थोडं कमी-जास्त निघेल. दहा-वीस ग्रॅमसाठी डोकं फोडू नका.

ड्रॉप: टाचेखालची उंची वजा चवड्याखालची उंची. ८ ते १० मिमी ड्रॉपमध्ये पोटरी आणि टाचेमागच्या नसेवरचा ताण थोडा कमी असतो. ४-५ मिमी असेल तर त्यांना जास्त काम पडतं. आत्ता वापरताय त्याच्या आसपासचाच ड्रॉप घ्या. १० वरून थेट ४ वर उडी मारू नका.

सोलची उंची: जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमानुसार रस्त्यावरच्या शर्यतीत सोल ४० मिमीपर्यंतच चालतो. हौशी सरावाला हा नियम लागत नाही. पण उंच, मऊ आणि अरुंद सोल वळणावर डुलतो. मैदानाला फेऱ्या मारत इंटरव्हल करणाऱ्यांनी रुंद तळ बघावा.

तळाचं रबर: आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. पावसाळ्यात ओले पेव्हर ब्लॉक आणि शेवाळलेले कोपरे म्हणजे घसरगुंडीच. चवड्याखाली नुसता उघडा फोम नको, रबराचा पूर्ण तुकडा हवा.

उदाहरणादाखल काही मॉडेल

ही क्रमवारी नाही. कुठला शू कुठल्या गटात बसतो एवढंच बघा.

- असिक्स नोव्हाब्लास्ट: बिनप्लेटचा, उंच आणि उसळता. ड्रॉप ८ मिमी. रोजचा रन आणि टेम्पो, दोन्ही एकाच जोडीत.
- पुमा व्हेलॉसिटी नायट्रो: बिनप्लेटचा, नायट्रोजनने फुगवलेला फोम. रबराची पकड ही जमेची बाजू.
- होका माख ६: सुपरक्रिटिकल ईव्हीए, हलका, ड्रॉप ५ मिमी. पोटरी आधीच कडक असेल तर जपून.
- आदिदास ॲडिझेरो बॉस्टन १२: दोन थरांचा फोम, मध्ये ग्लासफायबरच्या दांड्या. थोडा कडक. लांब टेम्पोला चांगला.
- सॉकनी एंडॉर्फिन स्पीड: पेबा फोम आणि नायलॉन प्लेट. कार्बनशिवाय रेसिंग शूच्या जवळ जाणारा.

नवी आवृत्ती आली की मागच्या वर्षीची सेलमध्ये बरीच स्वस्त होते. फोम तोच असेल तर जुनी बिनधास्त घ्या.

साइज: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी

संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा मोजा. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा आणि सेंटिमीटर मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात.

ऑनलाइन घेताना यूके-यूएसचा घोळ होतो. नायकीत पुरुषांचा यूके ८ म्हणजे यूएस ९, तर आदिदासमध्ये यूएस ८.५. बायकांच्या यूएस साइजचे आकडे आणखी वेगळे. म्हणून कंपनीच्या तक्त्यात सेंटिमीटरचा रकाना बघा.

दुकानात शक्य असेल तर बाहेर येऊन पन्नास मीटर खरंच पळून बघा. वेग वाढवल्यावर टाच आत सरकते का, घोटा एका बाजूला झुकतो का, एवढं तपासा. उभ्याने वाटणाऱ्या मऊपणाला गुण देऊ नका.

किलोमीटरचा हिशेब

किंमत भागिले आयुष्य करा. समजा १२,००० चा शू ६०० किमी चालला, तर किलोमीटरला २० रुपये. २२,००० चा रेसिंग शू ३०० किमीच चालला, तर ७३ रुपये. स्ट्राव्हा आणि गार्मिन कनेक्ट या दोन्हींत जोडीचं नाव टाकून किलोमीटर मोजता येतात. ५०० च्या पुढे गेल्यावर सोलवरच्या सुरकुत्या आणि एका बाजूची झीज बघायला लागा.

दोन जोड्या आलटून-पालटून वापरणं आणखी चांगलं. २६४ धावपटूंच्या एका अभ्यासात असं करणाऱ्यांमध्ये दुखापतीचं प्रमाण कमी दिसलं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एकच जोडी परवडते, मग? बिनप्लेटचा, ८ मिमीच्या आसपास ड्रॉप असलेला, सुपरक्रिटिकल फोमचा शू घ्या. हळू आणि वेगात, दोन्हीला चालतो.

नवीन शूज थेट इंटरव्हलला घालू का? नको. आधी दोन-तीन सोपे रन करा, मग छोटा टेम्पो.

ओले शूज हीटरपुढे वाळवले तर? फोम आणि चिकटवणी दोन्ही खराब होतात. इनसोल काढा, आत रद्दी पेपर कोंबा आणि सावलीत ठेवा.

शू बदलूनही नडगी दुखतेय? धावणं थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. हाडावर एकाच जागी दाबून दुखत असेल तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.

थोडक्यात

आधी स्वतःचा पेस बघा. मग साइज, ड्रॉप, फोमची उसळी, तळाचं रबर आणि सगळ्यात शेवटी प्लेट, या क्रमाने ठरवा. बजेटमधून पैसे उरले तर दुसरी जोडी घ्या. त्या पैशांत कार्बनची एक जोडी घेण्यापेक्षा दोन साध्या जोड्या पायांना जास्त दिवस पळू देतील.