विहारयात्रा आणि धम्मयात्रा : रबाळे ते कान्हेरी, एक दिवस

गेल्या वर्षावासानंतर रबाळे येथील उपासक मंडळींनी आमच्या हाती एक छापील पत्रक आणून दिले. ते एका प्रवासी कंपनीचे होते. सकाळी निघावे, ‘प्राचीन अवशेष’ पाहावेत, दुपारी ‘पोर्तुगीज शहर’ पाहावे, सायंकाळपूर्वी लेणी उरकावीत आणि रात्रीच्या जेवणास घरी परतावे, असा एका दिवसाचा बेत त्यात होता. स्थळे तीन : नालासोपारा, वसई आणि कान्हेरी. मंडळींचे म्हणणे एवढेच होते, की बस आपण आपली ठरवू, तुम्ही बरोबर या आणि माहिती सांगा. आम्ही होकार दिला. पत्रकात नसलेली एक गोष्ट मात्र निघण्यापूर्वीच सांगितली पाहिजे असे आम्हांस वाटले.

सोपारा येथे भातेला तळ्याजवळ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. भगवानलाल जुनागढचे. गिरनारचा अशोकलेख त्यांनी तरुणपणापासून अभ्यासलेला. म्हणून तुटक्या ओळींतील अक्षरांवरून हा आठव्या लेखाचा भाग होय, हे त्यांना ओळखता आले. संपूर्ण पाठ आपणांस गिरनार, कालसी इत्यादी ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. त्याचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, म्हणजे मौजेच्या सहलीस, आणि त्यात शिकार व तत्सम करमणूक असे. प्रियदर्शी राजा अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट व दान, वृद्धांची भेट व त्यांना धनसाहाय्य, जनपदातील लोकांची भेट, त्यांना धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी विचारपूस, हे घडे. अशोकाच्या चौदा लेखांपैकी सहलीविषयीचा लेख हा एकच. ज्या बंदरावर देशोदेशींचे प्रवासी उतरत, तेथे चौदाही लेख कोरलेले असावेत. पण काळाच्या हातून वाचून १८८२ मध्ये प्रथम हाती आला तो नेमका हाच. (या लेखात ‘विहार’ शब्दाचा अर्थ भिक्खूंचे निवासस्थान असा नाही, हे आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे.) आपण काढतो ती सहल या दोहोंपैकी कोणती, एवढा प्रश्न बसमध्ये बसताना मनात असू द्यावा, असे आम्ही मंडळींना सांगितले.

एका रविवारी पहाटे साडेपाचला बस निघाली. सोमवारी कान्हेरीचे राष्ट्रीय उद्यान बंद असते, म्हणून कारखान्यांच्या सुट्टीचा हा वार सोयीचा पडला. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, ठाणे खाडीच्या पूर्व काठावर वसलेले रबाळे आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. बसमधील बहुतेक पुरुष तिन्ही पाळ्यांत काम करणारे, स्त्रियांपैकीही अनेकजणी नोकरदार. ठाणे ओलांडून घोडबंदर मार्गाला लागल्यावर डावीकडे डोंगर आणि उजवीकडे उल्हास नदीची खाडी येते. तेव्हा आम्ही बस जरा हळू घ्यावयास सांगितले. या डोंगराच्या पोटात कान्हेरी आहे. या पाण्याच्या वरच्या अंगाला कल्याण आहे, मुखाशी वसई आहे आणि वसईच्या उत्तरेस सोपारा. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापाऱ्याच्या सागरी प्रवासवर्णनात ‘सुप्पारा’ आणि ‘कल्लिएना’ ही दोन्ही नावे येतात. पत्रकातील तीन ठिकाणे तीन निराळ्या काळांतील म्हणून मांडली होती. प्रत्यक्षात ती एकाच पाण्याच्या वाटेवरची आहेत.

सोपाऱ्याच्या स्तूपाला गावकरी परंपरेने ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपे विणणारा तो बुरुड. शूर्पारक या नावातूनच हा राजा जन्मास आला असावा, असा तर्क करता येतो. पाली वाङ्मयात हे नाव ‘सुप्पारक’ असे येते. उदानातील बाहिय दारुचीरिय याच समुद्रतीरावर राहत होता. लोक त्याला अर्हत मानीत. आपण खरोखर तसे नाही हे कळताच तो उठला आणि वाटेत कोठेही एका रात्रीहून अधिक न थांबता थेट सावत्थीस गेला. तथागतांनी भररस्त्यात त्याला जो उपदेश केला त्याचा आशय असा, की पाहताना पाहण्यापलीकडचे काही त्यात मिसळू नये. स्थळे पाहण्यास निघालेल्यांनी याहून अधिक उपयोगाचे काय घ्यावे! पुण्ण थेरांचे मात्र जपून सांगावे लागते. मज्झिमनिकायातील सुत्तात त्यांच्या प्रदेशाचे नाव ‘सुनापरन्त’ असे आहे, सोपाऱ्याचे नाव त्यात नाही. ते पुढच्या अट्ठकथा व अवदान वाङ्मयातून जोडले गेले आहे. ब्रह्मदेशातील बौद्धही सुनापरन्त आपलाच मानतात.

स्तूपाच्या विटांपाशी वंदना झाल्यावर एका कारखान्यात टर्नर असलेल्या तरुणाने विचारले, “सर, हा स्तूप सम्राट अशोकांनीच बांधला ना? आणि आत बुद्धांचं भिक्षापात्र होतं?” दोन्ही गोष्टी आपल्या कार्यक्रमांतून व पुस्तिकांतून निःशंकपणे सांगितल्या जातात. आम्ही त्याला जे सांगितले ते येथेही लिहितो. भगवानलालांना स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी मिळाली. तिच्यात तांब्याचा करंडक होता आणि त्याभोवती कांस्याच्या आठ मूर्ती : विपस्सी ते गोतम हे सात बुद्ध आणि आठवा मेत्तेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. सोन्याच्या करंडकात सुवर्णफुले आणि मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. हे तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानून ठेवले असावेत, असे भगवानलालांचे मत होते. त्याच ठेव्यात यज्ञश्री सातकर्णीचे, फारसे न झिजलेले चांदीचे नाणे निघाले. हा राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. म्हणजे हा ठेवा त्यापूर्वी येथे ठेवलेला असणे शक्य नाही. मूर्ती तर त्याहूनही अर्वाचीन, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. अशोकाचा धम्म या बंदरी पोहोचला होता, याचा पुरावा शिलालेख देतो. हा विटांचा ढिगारा अशोकाचाच, असा पुरावा करंडक देत नाही.

तरुणाचा चेहरा पडला. तेव्हा एक वृद्ध उपासिका म्हणाल्या, “म्हणजे सहाशे वर्षांनी कुणी पुन्हा उघडलं, नवीन मूर्ती ठेवल्या आणि परत बंद केलं. एवढं जपलं की हो त्यांनी.” आम्ही या विषयावर अनेक व्याख्याने दिली आहेत, परंतु ही गोष्ट इतक्या सरळपणे आम्हांस कधी मांडता आली नव्हती.

येथून दूर नसलेल्या भुईगाव येथे १९५६ साली अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना केली जाणारी निरर्थक मंगलकृत्ये सोडून दास व नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर राखणे, हेच खरे मंगल, असे तो लेख सांगतो. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपुरास बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. हा योगायोग होय, आणि योगायोग म्हणूनच तो सांगावा.

वसईच्या किल्ल्यात दुपारचे जेवण झाले. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली, मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली आणि १७८० मध्ये ती इंग्रजांकडे गेली. तटाच्या आत एक संपूर्ण शहर होते. त्यातील चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती आज उभ्या आहेत. मुलांनी छायाचित्रांत पुष्कळ वेळ घालविला, आम्ही अडविले नाही. आपला येथे संबंध काय, असे काहींना वाटत होते. संबंध आहे. याच वसईच्या परिसरातील फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात मंडपेश्वरच्या शैव लेण्यात चर्च केले आणि कान्हेरीच्याही एका लेण्याला संत मायकेलचे नाव दिले. दियोगु दु कौतु या पोर्तुगीज इतिहासकाराने १६१२ मध्ये छापलेल्या ग्रंथात कान्हेरीविषयी तेथील वृद्धांकडून आलेली हकिगत नोंदविली आहे. एका राजाने, पुत्राला जगाचे दुःख दिसू नये म्हणून, हे स्थान कोरविले, अशी ती हकिगत. कौतुला ती ओळखीची वाटली, कारण त्याच्या धर्मात संत जोसाफातची हीच कथा सांगत असत, आणि रोमन चर्चच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस होता. कान्हेरी जोसाफातच्या पित्यानेच बांधविली असावी, असे त्याने मानले. ‘जोसाफात’ हे नाव ‘बोधिसत्त’ या शब्दाचे अरबी, जॉर्जियन, ग्रीक असा प्रवास करीत झालेले रूप आहे, हे विद्वानांना कळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. ज्यांची लेणी धर्मगुरूंनी बाटविली, त्यांच्याच शास्त्याचे चरित्र ते वर्षातून एकदा संत म्हणून स्मरत होते. दुसरी नवलाची गोष्ट अशी, की कान्हेरीतून भिक्खुसंघ नाहीसा होऊन शतके लोटल्यानंतरही आसपासच्या साध्या लोकांना सिद्धार्थाची कथा ठाऊक होती. बौद्ध धम्म या भूमीतून समूळ पुसला गेला होता, असे म्हणणाऱ्यांनी या नोंदीचा विचार करावा.

वाटेत वाहनांच्या गर्दीमुळे कान्हेरीस पोहोचावयास उशीर झाला आणि शंभराहून अधिक लेण्यांसाठी जेमतेम अडीच तास उरले. पत्रकवाल्यांचा हिशेब येथे फसतो. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, त्याच्या व्हरांड्यातील उंच बुद्धमूर्ती, ही सर्वांनी पाहिली. परंतु आमचा रोख लेखांवर होता. ८१ क्रमांकाच्या लेण्यात यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या वर्षाचा लेख आहे. सकाळी सोपाऱ्याच्या करंडकात ज्याचे नाणे सांगितले, तोच हा राजा. लेण्याचा दाता मात्र राजा नाही. तो कल्याणचा उपासक अपरेणुक असून त्याने संघासाठी मंगलठाण, म्हणजे आजच्या मागाठाणे, येथील शेत लावून दिले आहे. इतर लेखांत कल्याणचा सुवर्णकार आहे, सोपाऱ्याचा मणिकार आहे, भिक्खुणी आहेत. कोणी गुंफा दिली, कोणी ‘पानीयपोढी’, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे टाके. हाताने काम करून मिळविलेल्या पैशातील हे दान आहे, असे म्हणताच तो टर्नर तरुण पुढे आला आणि त्याने ‘सुवणकार’ ही अक्षरे एकेक करून लावून घेतली. नवव्या शतकात थेट गौड देशाहून आलेल्या दात्याने येथे द्रम्म ठेवले आणि एका लेखात भिक्खूंच्या पुस्तकांसाठीही तरतूद आहे, हे सांगेपर्यंत उन्हे कलली.

९० क्रमांकाच्या लेण्यापर्यंत आम्ही सातच जण चढलो. तेथे पहलवी लिपीत काही नावे कोरलेली आहेत. इराणी धर्माचे प्रवासी १० ऑक्टोबर व २४ नोव्हेंबर १००९ रोजी आणि पुन्हा ३० ऑक्टोबर १०२१ रोजी हे स्थान पाहावयास आले होते. नावे आणि तारीख लिहून ते परत गेले. त्यांनी त्या दिवशी येथे कोणास काय विचारले, हे त्यांनी लिहिलेले नाही. आम्हीही, खरे पाहता, सोपाऱ्यातील एकाही गावकऱ्याशी बोललो नव्हतो. आठव्या लेखातील जनपदाची भेट तेवढी आमच्या कार्यक्रमात राहून गेली, हे आम्ही उतरताना मंडळींसमोर कबूल केले.

परतीच्या प्रवासात बसमध्येच पुढचा बेत ठरला. आठव्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, सोपाऱ्याचा ठेवा एशियाटिक सोसायटीकडे आहे. पुढील वेळी आधी मुंबईस जावे, दुसऱ्या रविवारी सोपारा, आणि वृद्ध उपासिकेच्या सूचनेवरून दुपारचे जेवण किल्ल्याऐवजी सोपाऱ्याच्या गावकऱ्यांबरोबर. कान्हेरीसाठी स्वतंत्र दिवस ठेवावा, असे टर्नर तरुणाने सुचविले. तोपर्यंत ब्राह्मी अक्षरे शिकून यावयाचे त्याने मान्य केले असून दर शनिवारी सायंकाळी तो व आणखी चौघे विहारात वही घेऊन बसतात.