अधिवेशन म्हणजे नेमकं काय? सायखेड्यापासून विधानभवनापर्यंतची माहिती

“साहेब अधिवेशनाला गेलेत, नंतर या.” कुठल्याही आमदाराच्या कार्यालयात मार्च, जुलै आणि डिसेंबरमध्ये हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. उर्दू शाळेतल्या रिकाम्या जागेचा, कब्रस्तानच्या संरक्षक भिंतीचा, नाहीतर पुराच्या पंचनाम्याचा अर्ज घेऊन गेलेली माणसं मग परत फिरतात. खरं म्हणजे अर्ज घेऊन जायची वेळ त्याच्या दीड-दोन महिने आधीची होती. सभागृहात जो प्रश्न मंत्र्याला विचारला जातो, त्याची लेखी सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी सचिवालयात पोहोचलेली असते. ही साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे आपल्या समाजाचे पुष्कळ विषय सभागृहाच्या दारापर्यंतसुद्धा जात नाहीत.

म्हणून विधिमंडळ कसं चालतं, त्यात कोण बसतं आणि आपला त्याच्याशी संबंध कुठे येतो, हे सायखेड्यासारख्या गावातून बघू.

आपला आमदार कोण?

गोदाकाठचं सायखेडा निफाड तालुक्यात आहे, आणि विधानसभेच्या निफाड मतदारसंघात (क्रमांक १२१) मोडतं. तालुका एक असला तरी मतदारसंघ एक नाही, इथे अनेकांचा गोंधळ होतो. सायखेडा, चांदोरी, ओझर, पिंपळगाव बसवंत ही गावं निफाड मतदारसंघात आहेत. लासलगाव मात्र निफाड तालुक्यात असूनही येवला मतदारसंघात जातं. त्यामुळे लासलगावचे नातेवाईक “आमचे आमदार भुजबळ” म्हणतात ते बरोबर आहे, आणि सायखेडेकरांनी त्यांच्याकडे अर्ज देऊन उपयोग नाही हेही बरोबर आहे. निफाडमधून २००९ आणि २०१४ ला अनिल कदम निवडून आले, तर २०१९ आणि २०२४ ला दिलीपराव बनकर. लोकसभेसाठी हा भाग दिंडोरी मतदारसंघात आहे.

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे एकूण १५ मतदारसंघ आहेत. राज्यात २८८. १९६० साली राज्य झालं, त्यानंतरच्या पहिल्या म्हणजे १९६२ च्या निवडणुकीत २६४ जागा होत्या. पुढे २७० झाल्या आणि १९७८ पासून २८८ हा आकडा कायम आहे. त्यातल्या २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव. मुस्लिमांसाठी विधानसभेत राखीव जागा नाही, कुठल्याही धर्मासाठी नाही. अधूनमधून व्हॉट्सअॅपवर उलटसुलट काहीतरी फिरत असतं, म्हणून हे स्पष्ट लिहिलं.

वर्षातून तीनदा

घटनेच्या कलम १७४ प्रमाणे दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. घटनेची सक्ती एवढीच. महाराष्ट्रात प्रथा तीन अधिवेशनांची आहे. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये सुरू होणारं अर्थसंकल्पी अधिवेशन आणि जून-जुलैचं पावसाळी अधिवेशन मुंबईत होतं. डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन नागपुरात होतं. नागपूरच का, तर २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाच्या नेत्यांना दिलेलं ते वचन आहे. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ला ते मुंबईतच उरकावं लागलं.

अधिवेशन बोलावतात राज्यपाल, पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. किती दिवस चालवायचं हे कामकाज सल्लागार समितीत ठरतं. तीनपैकी सर्वांत लांब असतं ते अर्थसंकल्पी, आणि नागपूरचं दिवसेंदिवस आखडत चाललंय. २०२४ चं नागपूर अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे जेमतेम सहा दिवसांचं होतं. २८८ आमदार, सहा दिवस, रोजचा एक तास प्रश्नोत्तरांचा. गोंधळात तो तासही वाहून गेला तर काय उरतं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

याशिवाय विशेष अधिवेशन असतं. २० फेब्रुवारी २०२४ ला मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारं विधेयक असंच एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात मंजूर झालं. सरकारच्या मनात असलं की एक दिवससुद्धा पुरतो.

कांद्याचा मार्च

अधिवेशन चालू असताना दिलेला आवाज आणि एरवी दिलेला आवाज यात किती फरक पडतो, हे नाशिक जिल्ह्याने मार्च २०२३ मध्ये पाहिलं. कांदा क्विंटलला चार-पाचशेच्या घरात आला होता. मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. विरोधी आमदार कांदे घेऊन विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसले, आणि त्याच वेळी दिंडोरीहून शेतकरी आणि आदिवासींचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला. १३ मार्चला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी क्विंटलला ३०० रुपये अनुदान जाहीर केलं. मोर्चा चालतच राहिला आणि चार दिवसांत ते ३५० झालं. मर्यादा शेतकऱ्यामागे २०० क्विंटल.

इथपर्यंत गोष्ट सभागृहाची. पुढची गोष्ट तलाठी कार्यालयाची. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेलाच कांदा धरला गेला, आणि ७/१२ वर ई-पीक पाहणीची नोंद हवी अशी अट आली. ती पुढे सैल करावी लागली. पैसे खात्यात पडायला कित्येक महिने गेले. सभागृहातली घोषणा आणि शासन निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोषणा बातमीत येते, अटी शासन निर्णयात असतात. वाचायचा तो शासन निर्णय.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उलटा अनुभव आला. नागपूरचं अधिवेशन सुरू झालं आणि त्याच सुमारास केंद्राने कांदा निर्यातबंदी लावली. नागपुरात कांद्याच्या माळा घालून आंदोलन झालं, पण आयात-निर्यात हा विषय केंद्राचा. विधानसभा त्यावर बोलू शकते, बंदी उठवू शकत नाही. ती उठली मे २०२४ मध्ये, दिल्लीहूनच.

सहा आठवडे आणि पाच टक्के

आता जी गोष्ट आपल्या प्रत्येक घराने समजून घ्यायला हवी ती. राज्यातल्या मुस्लिमांची शैक्षणिक आणि आर्थिक स्थिती तपासायला नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि ८ टक्के आरक्षणाची शिफारस केली. पृथ्वीराज चव्हाण सरकारने ९ जुलै २०१४ ला अध्यादेश काढून मुस्लिमांमधल्या ५० मागास जातिगटांना शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण दिलं. त्याच सुमारास मराठा समाजासाठी १६ टक्क्यांचा वेगळा अध्यादेश निघाला.

अध्यादेश म्हणजे काय, तर सभागृह बसलेलं नसताना राज्यपालांच्या सहीने निघालेला तात्पुरता कायदा. कलम २१३ सांगतं की सभागृह पुन्हा बसल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो आपोआप संपतो. कुणाला रद्द करावा लागत नाही.

ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, सरकार बदललं. नवी विधानसभा १० नोव्हेंबरला बसली आणि घड्याळ सुरू झालं. १४ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली. मुस्लिम आरक्षणाला नोकऱ्यांपुरती स्थगिती दिली, पण शिक्षणातलं ५ टक्के चालू ठेवायला हरकत घेतली नाही. म्हणजे न्यायालयात जे टिकलं होतं ते आपलं होतं. डिसेंबरमध्ये नागपूरला अधिवेशन भरलं. मराठा आरक्षणाचं विधेयक आलं आणि मंजूर झालं. मुस्लिम आरक्षणाचं विधेयक सरकारने आणलंच नाही. २३ डिसेंबर २०१४ ला अध्यादेश संपला, आणि २ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने त्यावर आधारलेले आदेशही रद्द झाले.

दोष सरकारच्या इच्छेला द्यायचा तो द्यावाच. पण आधीच्या सरकारलाही एक प्रश्न विचारायला हवा: समितीचा अहवाल २०१३ चा, मग विधेयक सभागृहात का नाही आणलं? निवडणूक तोंडावर आल्यावर अध्यादेशच का? पूर्ण कायदा झाला असता तर तो मोडायला पुन्हा सभागृहातच जावं लागलं असतं.

(बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम जातींना मिळणारं ओबीसी आरक्षण वेगळं आहे, ते चालू आहे. जातीचा दाखला काढून ठेवलेला बरा.)

सभागृहात आपले किती?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम साधारण साडेअकरा टक्के. त्या प्रमाणात आमदार ३३ च्या आसपास यायला हवेत. २०२४ च्या निवडणुकीत आले १०: मालेगाव मध्यमधून मुफ्ती मोहम्मद इस्माईल, भिवंडी पूर्वमधून रईस शेख, मानखुर्द-शिवाजीनगरमधून अबू आझमी, मुंबादेवीतून अमीन पटेल, मालाड पश्चिममधून अस्लम शेख, वर्सोव्यातून हारून खान, अणुशक्तीनगरमधून सना मलिक, अकोला पश्चिममधून साजिद खान पठाण, कागलमधून हसन मुश्रीफ आणि सिल्लोडमधून अब्दुल सत्तार. पक्ष बघितले तर सत्ताधारीही आहेत, विरोधकही आहेत. मुफ्ती इस्माईल अवघ्या १६२ मतांनी निवडून आले. एवढी मतं तर एका गल्लीत असतात.

जिल्ह्यापुरतं बघितलं तर १५ पैकी फक्त मालेगाव मध्य. याच मालेगावचे निहाल अहमद १९८६-८७ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. त्याआधी १९८० मध्ये बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले, आणि ज्या संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आजही आपल्या मोहल्ल्यातल्या विधवा आणि वृद्धांना मिळतात, ती त्यांच्या काळातली. मुद्दा असा की ती योजना एका समाजासाठी नव्हती. संख्या महत्त्वाची आहेच, पण निफाडसारख्या मतदारसंघात आपला विषय मांडणारा आमदार मुस्लिम असेलच असं नाही. तो आपल्या मतांवरही निवडून येतो, म्हणून त्याच्याकडे जायला संकोच नको.

संख्येचा आणखी एक परिणाम कमी लोकांना माहीत आहे. १९९५ च्या वक्फ कायद्यात राज्याच्या विधिमंडळातले मुस्लिम सदस्य मिळून वक्फ मंडळावर दोनपर्यंत प्रतिनिधी निवडून देत. २०२५ च्या दुरुस्तीने ही निवडणूक गेली, आता सरकार नेमणूक करतं.

विधान परिषद: मतदार यादीत नाव आहे का?

वरिष्ठ सभागृहात ७८ सदस्य. ३० जणांना आमदार निवडतात, २२ जणांना नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य, ७ शिक्षक मतदारसंघातून, ७ पदवीधर मतदारसंघातून, आणि १२ राज्यपाल नेमतात. जुलै २०२४ मध्ये वजाहत मिर्झा आणि बाबाजानी दुर्राणी यांची मुदत संपली तेव्हा परिषदेत मुस्लिम सदस्यच उरला नाही. ऑक्टोबरमध्ये इद्रिस नायकवडी यांची नेमणूक झाल्यावर ती पोकळी भरली.

शिक्षक आणि पदवीधर या जागा तुमच्या-आमच्या हातातल्या आहेत, आणि नेमकं तिथेच आपण मागे पडतो. नाशिक विभाग म्हणजे नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे पाच जिल्हे. पदवीधर जागेवर २०२३ मध्ये सत्यजित तांबे आले, शिक्षक जागेवर २०२४ मध्ये किशोर दराडे. मुदत सहा वर्षांची. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे इथेही असेल, असं नसतं. प्रत्येक निवडणुकीआधी ही यादी नव्याने बनते, मागच्या वेळी नाव होतं तरी पुन्हा अर्ज भरावा लागतो. पदवीधरासाठी पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. शिक्षकासाठी मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवलेलं हवं. उर्दू हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेजचे शिक्षक यात बसतात. घरातल्या पदवीधर मुली आणि सुनाही बसतात, त्यांचे अर्ज आठवणीने भरावेत. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर धरला जातो, म्हणजे निवडणुकीच्या आधीच्या शरदात हे काम करायचं.

प्रश्न सभागृहात कसा जातो

तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर. लक्षवेधी सूचना ही तातडीच्या सार्वजनिक विषयासाठी. गंगापूर आणि दारणा धरणातून पाणी सोडलं, खाली नांदूरमध्यमेश्वरचा फुगवटा आला आणि सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं, जसं ऑगस्ट २०१९ ला शिरलं, तर पावसाळी अधिवेशनात त्यासाठी हेच हत्यार. मंत्र्याने सभागृहात “करू” म्हटलं की ते आश्वासन नोंदवलं जातं आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. नागरिकांचा अर्ज आमदाराच्या सहीने थेट विनंती अर्ज समितीकडेही जाऊ शकतो.

अर्ज देताना “उर्दू शाळेकडे लक्ष द्यावे” असं मोघम लिहू नये. मंजूर पदं किती, भरलेली किती, कधीपासून रिक्त, कुठल्या तारखेला कोणत्या कार्यालयाला पत्र दिलं, हे एका पानात लिहावं आणि जुन्या पत्रांच्या पोचपावत्या जोडाव्यात. आमदाराच्या स्वीय सहायकाला त्यातून प्रश्न जसाच्या तसा तयार करता येतो. कब्रस्तानच्या भिंतीसारखं काम असेल तर सभागृहाची गरजच नाही: आमदार निधी वर्षाला ५ कोटींचा आहे, आणि अल्पसंख्याक विकास विभागाचा ग्रामीण क्षेत्र विकास कार्यक्रमही आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी डिसेंबर-जानेवारीत, पावसाळीसाठी एप्रिल-मेमध्ये आणि नागपूरसाठी ऑक्टोबरात कागद आमदारांच्या हातात पडलेला असावा. रमजान अलीकडे अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आसपास येतोय, तेव्हा त्या वर्षीचा कागद त्याआधीच उरकलेला बरा.