धावणारी इंग्रजी, चालणारी मराठी

मंडळी, एक सोपा प्रश्न. इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कोणत्या शब्दाला आहेत? एखादा अगडबंब लॅटिन शब्द डोळ्यांपुढे आला असेल तर सोडून द्या. भारदस्त शब्दांना बहुधा एकच अर्थ असतो. ते सुटाबुटात एका जागी बसून राहतात. राबतात ते घरातले छोटे शब्द. उत्तर आहे 'रन'. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात २०११ साली या शब्दाची नोंद नव्याने तयार झाली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या संपादकाला त्या एका नोंदीसाठी नऊ महिने लागले. (आमच्या धंद्यात नऊ महिन्यांत अख्खा प्रकल्प सुरू होऊन बंदही पडतो.)

त्याआधी हा मान 'सेट'कडे होता. कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट'चे ४३० च्या वर अर्थ होते आणि ती नोंद साधारण साठ हजार शब्दांची होती. म्हणजे एका शब्दावर एक लहानशी कादंबरी! नवी आवृत्ती तयार होऊ लागली तसा आधी 'मेक'ने, मग 'पुट'ने आणि शेवटी 'रन'ने त्याला मागे टाकले.

या कोशाची जन्मकथा थोडक्यात सांगतो, कारण तिचा आपल्याशी एक गमतीचा योग आहे. १८५७ साली लंडनच्या भाषाशास्त्र मंडळापुढे रिचर्ड ट्रेंच नावाच्या धर्मगुरूने तक्रार मांडली, की इंग्रजीचे असलेले कोश अपुरे आहेत. त्यातून काम उभे राहिले. १८७९ साली जेम्स मरे यांनी ते अंगावर घेतले. दहा वर्षांत आटोपेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी पहिला भाग छापून आला तेव्हा गाडी 'ए'वरून 'अँट'पर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत, पोचली होती. १९१५ साली मरे वारले. कोश पूर्ण झाला १९२८ साली. 'आर' हे अक्षर विल्यम क्रेगी या स्कॉटिश संपादकाच्या वाट्याला आले होते, म्हणजे 'रन'शी पहिली झुंज त्यांची. हे क्रेगी पुढे शिकागोला येऊन राहिले आणि त्यांनी अमेरिकन इंग्रजीचा वेगळा कोश केला. इकडे ट्रेंच तक्रार करत होते त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, सुमारे साठ हजार शब्दांची. इंग्रजीचा मोठा कोश कागदावरसुद्धा नव्हता तेव्हा मराठीचा दोन आवृत्त्यांनिशी उभा होता. हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.

आता 'रन'कडे. जुन्या इंग्रजीत 'रिन्नन' असे क्रियापद होते. त्याचा अर्थ धावणे आणि वाहणे, दोन्ही. त्याचा जर्मन भाऊ 'रिन्नेन' आजही पाण्याच्या वाहण्यालाच वापरतात. म्हणजे या शब्दाचे पाय सुरुवातीपासून ओले आहेत. इंग्रजीत नाक धावते आणि पाय वास मारतात, असा एक जुना विनोद आहे. पण नाक धावण्यात खरे तर विनोद काही नाही, ते हजार वर्षांपूर्वीच्या अर्थाने वाहते आहे इतकेच. कपड्याचा रंग 'रन' होतो, नळ 'रन' होतो, हे सगळे त्याच ओल्या बाजूचे.

या ओल्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या दारात आहे. मी एम.एस. संपवून नोकरीसाठी उत्तर व्हर्जिनियात आलो, तेव्हा इथल्या पाट्या पाहून चक्रावलो होतो. डिफिकल्ट रन, कब रन, ब्रॉड रन, बुल रन. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने गाडीतून 'डिफिकल्ट रन' वाचून विचारले, "इथे शर्यती होतात का रे?" इथे 'रन' म्हणजे ओढा. पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, व्हर्जिनिया या पट्ट्यात लहान ओढ्याला 'रन' म्हणतात. न्यूयॉर्ककडे वर गेलात की डच वस्तीमुळे तोच ओढा 'किल' होतो. १९४९ साली हान्स कुराथ यांनी पूर्व अमेरिकेच्या बोलींचा जो शब्दभूगोल छापला, त्यात असल्या शब्दांच्या सीमारेषा नकाशावर आखलेल्या आहेत. आपल्याकडे नाला, ओहळ, पऱ्ह्या, वहाळ असे गावागणिक बदलते ना, तसेच.

बुल रनच्या ओढ्याकाठी २१ जुलै १८६१ रोजी यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई झाली. उत्तरेचे लोक लढायांना जवळच्या पाण्याचे नाव देत आणि दक्षिणेचे लोक जवळच्या गावाचे, म्हणून हीच लढाई दक्षिणेत 'मनॅसस' झाली. वॉशिंग्टनची प्रतिष्ठित मंडळी खाण्याच्या टोपल्या घेऊन, घोडागाड्या जोडून ती पाहायला गेली होती. संध्याकाळी उत्तरेच्या सैन्याची फळी फुटली आणि शिपाई आणि प्रेक्षक एकाच रस्त्याने राजधानीकडे पळत सुटले. ओढ्याच्या नावातला 'रन' आणि पळण्यातला 'रन' यांवर तेव्हा कोट्या झाल्या नसतील तरच नवल.

पण दोन्ही 'रन' एकत्र आलेला जो कागद मला विसरता येत नाही, तो याच्या शंभर वर्षे आधीचा आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इस्टेटीत डोग रन नावाच्या ओढ्याकाठी एक शेत होते. डोग हे इथल्या मूळ जमातीचे नाव. ऑगस्ट १७६१ मध्ये वॉशिंग्टनने 'मेरीलँड गॅझेट'मध्ये जाहिरात दिली, की फेअरफॅक्समधल्या आपल्या डोग रनवरच्या शेतावरून रविवारी, ९ तारखेला चार गुलाम पळून गेले आहेत. पेरोस, जॅक, नेपच्यून आणि क्यूपिड. पहिल्याच वाक्यात 'रन' दोनदा येतो. एकदा पळणारी माणसे, एकदा ओढा. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. पुढे त्याने देशाला स्वातंत्र्य मिळवून दिले वगैरे आपण शाळेत शिकलोच आहोत.

जाहिरातीत प्रत्येकाची ओळख पटावी म्हणून अंगकाठी, कपडे, चेहऱ्यावरच्या खुणा दिल्या आहेत. आणि भाषा! नेपच्यून आणि क्यूपिड ऑगस्ट १७५९ मध्ये आफ्रिकेहून आलेल्या जहाजावरून विकत घेतलेले, त्यांचे इंग्रजी मोडकेतोडके आणि न कळणारे. जॅक त्यांच्याच मुलखातला, पण बरीच वर्षे इथे काढल्यामुळे बरे बोलणारा. आणि पेरोस या सगळ्यांत चांगले बोलणारा. त्याच्या बोलण्यात आपल्या मुलखाच्या बोलीचा अंश जवळजवळ उरलेला नाही, असे मालक नोंदवतो. मी माउंट व्हर्ननला पाहुण्यांना घेऊन निदान आठ वेळा गेलो असेन. हे वाचल्यानंतर गेलो, तेव्हा त्या हिरवळीवर पहिल्यासारखे फोटो काढवले नाहीत. आपली आणि त्यांची तुलना होऊच शकत नाही. आपण व्हिसा घेऊन, आपल्या मर्जीने, तिकीट काढून आलो. तरीही माणसाजवळ त्याच्या बोलीचे किती उरले आहे हे एखाद्या जखमेच्या खुणेसारखे टिपून ठेवलेले पाहिले, आणि दर रविवारी मराठी शाळेत मुलांची हजेरी घेणारा मी ते पान लवकर उलटू शकलो नाही.

मग या ओल्या, पळत्या शब्दाला ६४५ अर्थ फुटले कसे? माझ्या मते मोठे श्रेय यंत्रांना. याचाही नमुना फेअरफॅक्समध्येच आहे. ग्रेट फॉल्सजवळ कॉल्व्हिन रन नावाच्या ओढ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची पाणचक्की अजून उभी आहे. ओढा 'रन', त्याच्या पाण्यावर चक्की 'रन' होते, आणि जात्याच्या दगडांच्या जोडीलाही जुन्या अमेरिकन गिरणीवाल्यांच्या भाषेत 'रन'च म्हणत. ती चक्की ऑलिव्हर एव्हान्सच्या पद्धतीची आहे. १७९० साली एकस्व मिळालेल्या त्याच्या रचनेत धान्य पट्ट्यांवरच्या डब्यांतून आपोआप वर चढते, दळले जाते, पीठ पसरून गार होते, आणि मधे माणसाचा हात फारसा लागत नाही. आज ज्याला आम्ही ऑटोमेशन म्हणून पैसे मागतो, ते हेच. पाणी वाहते म्हणून चाक फिरते आणि चाक फिरते म्हणून गिरणी. वाहण्याचा शब्द अलगद यंत्राकडे गेला. पुढे पाणी गेले, वाफ आली, वीज आली. शब्द तिथेच राहिला. आगगाड्या, कारखाने, मोटारी, सगळे 'रन' होऊ लागले. यंत्र 'रन' करणारा माणूस मग कंपनीही 'रन' करू लागला.

संगणकाला तो वारशातच मिळाला. मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये एक बैठक झाली आणि त्यातून कोबोल ही भाषा निघाली. कोबोलचा कार्यक्रम थांबवायची आज्ञा 'स्टॉप रन'. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ यांच्या बेसिक भाषेतला पहिला कार्यक्रम चालला. तिथे सुरू करायची आज्ञा 'रन'. आमच्या शाळेत नव्वदच्या दशकात जे चार संगणक आले, त्यांवर मी इंग्रजीतले जे पहिले क्रियापद हुकूम म्हणून वापरले ते हेच.

बाकीचे अर्थ भराभर. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी धावतो, ब्रिटनमध्ये तो नुसता उभा राहतो. आपलाही उभाच राहतो. लोक घाबरून ठेवी काढायला लागले की बँकेवर 'रन' येतो. हा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरपासूनचा. ९ मार्च २०२३ ला सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले, तेव्हा कुणी घराबाहेर पाऊलही टाकले नव्हते, सगळे फोनवर. धावण्याशिवायची धाव! आणि क्रिकेट. अठराव्या शतकात धावा काठीवर खाचा पाडून मोजत, म्हणून धावेला 'नॉच' म्हणजे खाचच म्हणत. बेसबॉलच्या १८४५ च्या नियमांतसुद्धा 'रन' नाही, 'एस' आहे. दोन्हीकडे शेवटी जिंकला तो 'रन'.

आता मराठी. क्रिकेटची 'धाव' आपण बिनतक्रार घेतली. धावफलक, धावबाद, धावसंख्या. बाळ ज. पंडितांचे समालोचन ऐकत वाढलेल्या पिढीला हे शब्द कुणी घडवले आहेत असे वाटतही नाही. विमानाची धावपट्टी तशीच. पण यंत्र आले तेव्हा मराठीने धावायचे नाकारले. इंग्रजांची गिरणी धावली, आपली चालली. त्यांचे घड्याळ धावते, आपले चालते. त्यांचे दुकान, संस्था, सरकार, मोटार धावते. आपण हे सगळे चालवतो. नाटक चालते, नाणे चालते, खटला चालतो, श्वास चालतो, डोके चालते किंवा चालत नाही. चालू वर्ष, चालू दिवा आणि चालू माणूस यांतला 'चालू' एकच. गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, शत्रूवर केलेली चाल. आणि ज्याच्यावाचून मराठी माणसाचे पान हलत नाही ते 'चालेल'! इंग्रजांचा वेग बघा आणि आपला बघा, अशी थट्टा कुणी करील, करू दे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये छापून झाला. तेव्हापासून 'चालणे' नव्या अर्थांनी किती वाढले असेल याचा हिशेब एखाद्या गिलिव्हरने करायला हवा.

मला खटकते ते पुढचे. गिरणी, आगगाडी, मोटार, पंखा इथपर्यंत 'चालणे' ऐटीत आले. संगणकाशी आल्यावर मात्र आम्ही लोकांनी त्याला दारातच अडवले. 'प्रोग्रॅम रन कर', 'बॅच रन झाली का', 'रिपोर्ट रन करून पाठव'. पुण्यातही हेच, इथेही हेच. इंग्रजी शब्दाला 'करणे' जोडला की काम भागते, पण त्या दिवशी आपल्या क्रियापदाला मिळणारा एक नवा अर्थ मिळत नाही. 'रन'ला ६४५ अर्थ कुणी समिती नेमून दिले नाहीत. गिरणीवाल्याने दिला, शिपायाने दिला, सट्टेबाजाने दिला, पहाटे चारला जागणाऱ्या प्राध्यापकाने दिला. 'प्रोग्रॅम चालव' म्हणायला शब्दकोश लागत नाही, शासनाची परिभाषाही लागत नाही. कार्यालयात आम्ही तिघे मराठी आहोत; गेल्या दिवाळीपासून आपसात चालवतो आहोत आणि काहीही बंद पडलेले नाही.

मराठी शाळेतल्या मोठ्या गटाला मी 'चालणे'चे अर्थ गोळा करायला सांगितले. पहिल्या रविवारी एकवीस आले, निम्मे आजी-आजोबांना फोन करून. दुसऱ्या रविवारी एकेचाळीस. एका मुलीने कोल्हापूरच्या आजीकडून 'चालतंय की' आणले आणि ते 'चालेल'पेक्षा वेगळे धरावे असा हट्ट धरला, कारण आजी म्हणे 'चालेल' विचार करून म्हणते आणि 'चालतंय की' विचार न करता. वर्गात मत घेतले. वेगळे धरले आहे. बेचाळीस.