चिप्सचा डबा, झारा आणि भिंतीपलीकडची रेंज

जुलै २००१ मध्ये रॉब फ्लिकेंजर या अमेरिकन तंत्रज्ञाने एक कृती प्रसिद्ध केली. साहित्य असं: आटे असलेली बारीक सळई, एक इंची पाच वॉशर, ॲल्युमिनियमच्या नळीचे तुकडे, दोन नट, तांब्याची जाड तार, एक कनेक्टर आणि प्रिंगल्स चिप्सचा रिकामा उंच डबा. चिप्स कुठल्याही चवीचे चालतील, हेही त्याने आवर्जून नोंदवलं होतं. एकूण खर्च ६ डॉलर ४५ सेंट. एवढ्यात वायफायचा सिग्नल एका दिशेला रोखणारा अँटेना तयार व्हायचा. त्याच्या मोजणीत वाढ साधारण १२ डेसिबल भरली, म्हणजे त्या एका दिशेला जवळपास सोळापट जोर.

सळईवर ठराविक अंतराने बसवलेली ही वॉशरची रांग मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यातही चित्र दिसू लागलं आणि गच्च्यागच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे उभे राहिले. ते याच जातीचे: यागी-उडा अँटेना, १९२० च्या दशकातलं जपानी संशोधन. दोन्हीकडे युक्ती एकच. एकूण ताकद तेवढीच राहते, पण चहूकडे उधळली जाणारी ताकद हव्या त्या बाजूला वळते.

वायफायची ताकद मुळातच बेताची होती, त्यालाही कारण आहे. वायफाय जन्मलं ते कुणालाच नको असलेल्या लहरींवर. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ९ मे १९८५ ला काही पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले. त्यामागे मायकेल मार्कस या आयोगातल्याच अभियंत्याचा पाठपुरावा होता. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हनची आळी. परवाना नको, पण कुणाच्या गोंगाटाविरुद्ध तक्रारही करता येणार नाही आणि आवाजाला मर्यादा, असा हा सौदा. १९९९ मध्ये सेकंदाला ११ मेगाबिटचं मानक आलं. त्याच वर्षी स्टीव्ह जॉब्झने ॲपलच्या आयबुक लॅपटॉपचं वायफाय दाखवताना तो लॅपटॉप हुलाहूपच्या कड्यातून फिरवला. कुठे तार नाही, हे सगळ्यांना दिसलं. भिंती मात्र त्या रंगमंचावर नव्हत्या.

घरात त्या होत्याच. म्हणून डबे कापले जाऊ लागले. ग्रेगरी रेम याने निरनिराळे डबे घेऊन तुलना केली, तेव्हा प्रिंगल्सची बरीच फजिती झाली. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब. गोल डब्यातून ती नीट वाहायची, तर आतला व्यास ७३ मिलिमीटरहून जास्त हवा आणि ९५ च्या फार पुढे नको. प्रिंगल्सचा डबा अगदी काठावर, शिवाय पुठ्ठ्याचा. मांसाच्या रश्शाचा साधा पत्र्याचा डबा त्याला भारी पडला. सळई नको, वॉशर नकोत. बाजूला एक भोक, त्यात कनेक्टर आणि त्याला डाग दिलेली ३१ मिलिमीटरची तांब्याची तार, म्हणजे लहरीच्या पाव लांबीची. भोक डब्याच्या बुडापासून किती अंतरावर पाडायचं, हे मात्र गणिताने काढावं लागे. अंदाजपंचे पाडलं की डबा फुकट.

सर्वांत चतुर उपाय न्यूझीलंडचा. वेलिंग्टनमध्ये मॅसी विद्यापीठात शिकवणारे स्टॅन स्वॉन यांनी दुखणं नेमकं ओळखलं: अँटेना स्वस्तात होतो, पण तिथून संगणकापर्यंत येणारी केबल महाग, आणि या लहरी तिच्यातच विरतात. त्यांनी वायफायचा यूएसबी डाँगलच उचलून चिनी स्वयंपाकातल्या जाळीच्या झाऱ्यापुढे बसवला आणि मागून साधी यूएसबी वायर ओढली. लहरींचं काम झाऱ्यापाशीच संपलं. वायरमधून वाहिली ती नुसती माहिती. झारा गोलसर खोलगट, जाळीची भोकं लहरीच्या मानाने बारीक, त्यामुळे ती जाळी लहरींना आरशासारखीच. जुनी चिनी कढई, म्हणजे ‘वॉक’ही चालायची. या प्रकाराला ‘वॉकफाय’ हे नाव पडलं.

धातूइतकंच महत्त्व पुढे सॉफ्टवेअरला आलं. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राऊटर बाजारात आला. २००३ मध्ये सिस्कोने ५० कोटी डॉलर मोजून लिंक्सिस घेण्याचं जाहीर केलं. काही महिन्यांतच लिनक्सच्या जाणकारांनी बोट ठेवलं: या डब्यात लिनक्स आहे, मग लिनक्सच्या परवान्याप्रमाणे मूळ कोड कुठे आहे? कंपनीला तो खुला करावा लागला. त्यातून राऊटरसाठीच्या पर्यायी प्रणाली उभ्या राहिल्या: ओपनडब्ल्यूआरटी आणि पुढे जर्मनीच्या सेबास्टियन गॉटशाल यांची डीडी-डब्ल्यूआरटी. अडगळीतला जुना राऊटर आता पलीकडच्या खोलीत रिपीटर म्हणून जुंपता येऊ लागला. घरगुती खर्चाच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. लोकांना मात्र दुसऱ्याच सोयीची भुरळ पडली. डीडी-डब्ल्यूआरटीत प्रक्षेपणाची ताकद २५१ मिलिवॉटपर्यंत लिहिता येई. तो आकडा चढवून पुष्कळांच्या पदरी निराशाच आली, कारण राऊटरने कितीही आरडाओरडा केला तरी लॅपटॉपचा क्षीण आवाज परत त्याच्यापर्यंत पोचायला हवा ना! डबा आणि झारा इथे सरस ठरतात: ते बोलणंही वळवतात आणि ऐकणंही.

लिंक्सिसच्या याच राऊटरची एक जोडी २००६ मध्ये व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी डोंगरमाथ्यांवर नेली. उपग्रह वाहिन्यांच्या जुन्या तबकड्या लावून त्यांनी २७९ किलोमीटरवर संपर्क साधला.

भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला घराबाहेरही परवान्यातून सूट मिळाली ती जानेवारी २००५ मध्ये. गावांसाठी आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने वेगळी वाट धरली. आजच्या पालघर जिल्ह्यात त्यांनी टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून गावापर्यंत इंटरनेट नेलं आणि गावात वायफाय दिलं. टीव्हीच्या लहरी लांब, झाडाझुडपांना कमी दबणाऱ्या. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं.

दरम्यान, राऊटरमागे शीतपेयाचा कापलेला डबा उभा करण्याची हौस घरोघरी चालूच होती. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात शिया झोऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती गांभीर्याने घेतली. घराची मांडणी, राऊटरची जागा, सिग्नल कुठे हवा आणि कुठे नको, एवढं संगणकाला सांगायचं. तो परावर्तकाचा वेडावाकडा आकार काढून देई. तो प्लास्टिकमध्ये त्रिमिती छापून वर धातूचा पातळ थर द्यायचा. २०१७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: हव्या त्या खोलीत ६ डेसिबलपर्यंत वाढ, नको तिथे १० डेसिबलपर्यंत घट, खर्च ३५ डॉलर. शेजाऱ्याच्या भिंतीकडे जाणारा सिग्नल अडवणं ही सुरक्षेचीही सोय झाली. अडचण एवढीच, की घरातली मांडणी बदलली की आकार पुन्हा काढून नवा छापावा लागतो.