पाहुण्याच्या हाती घराच्या किल्ल्या

भारतातून आलेली लग्नाची व्हीएचएस कॅसेट अमेरिकेतल्या व्हीसीआरमध्ये धड चालायची नाही, हे तुमच्यापैकी ऐंशी-नव्वदच्या दशकात तिकडे गेलेल्यांना आठवत असेल. भारतात पाल पद्धत, म्हणजे ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, म्हणजे ५२५ ओळी आणि सेकंदाला जवळपास ३० चित्रं. चित्र बिघडायचं, पण व्हीसीआरला काही इजा व्हायची नाही. पुढे हीच दूरचित्रवाणी संगणकात शिरली, तेव्हा मात्र मामला गंभीर झाला. महिनोन्‌महिने न थांबता चालणारा लिनक्स सर्व्हर एका वीतभर टीव्ही ट्यूनर कार्डामुळे जागच्या जागी गोठू लागला. असं का व्हायचं आणि लोकांनी त्याचं कारण कसं शोधलं, याचा हा छोटा इतिहास. वरवर पाहता प्रश्न टीव्हीचा आहे, पण खरा प्रश्न विश्वासाचा आहे.

मुळात सर्व्हरमध्ये टीव्हीचं कार्ड घालायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. २००२ साली आयझॅक रिचर्ड्स यांनी मिथटीव्ही हा मुक्त प्रकल्प सुरू केला. त्यात कार्यक्रम ध्वनिमुद्रणासारखे ठरल्या वेळी मुद्रित करणारा एक भाग आणि ते दाखवणारा दुसरा भाग, अशी विभागणी होती. साहजिकच मुद्रणाचं काम घरातल्या सतत चालू असणाऱ्या मशीनकडे गेलं. बऱ्याच घरांत त्याच मशीनवर ईमेल, फोटो आणि कामाच्या फाइलीही असायच्या. त्यामुळे कार्डानं घात केला की फक्त मालिकेचा एक भाग हुकायचा नाही, तर सगळं घर बंद पडायचं.

आता कार्डाकडे वळू. नव्वदच्या दशकात या क्षेत्रात ब्रूकट्री कंपनीच्या बीटी८४८ आणि नंतरच्या बीटी८७८ या चिपांचा बोलबाला होता. तिच्यासाठी लिनक्सचा बीटीटीव्ही हा ड्रायव्हर राल्फ आणि मार्कस मेट्झलर यांनी लिहिला आणि पुढे गेर्ड क्नोर यांनी सांभाळला. अ‍ॅलन कॉक्स यांनी अशा सगळ्या उपकरणांसाठी व्हिडिओ-फॉर-लिनक्स ही समाईक चौकट तयार केली. १९९९च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स २.२ मध्ये ती होती.

एकच चिप असली तरी तिच्याभोवतीची कार्डं शेकडो तऱ्हेची होती. कुणी पालचा ट्यूनर बसवला, कुणी एनटीएससीचा. आवाजाची वायर प्रत्येकानं आपल्या सोयीनं जोडली. स्वस्त कार्डांवर स्वतःची ओळख सांगणारी नोंदही नसायची. म्हणून ड्रायव्हरसोबत कार्डांची क्रमवार यादी येत असे, आणि ती वाढत वाढत दीडशेच्या पुढे गेली. आपलं कार्ड कोणतं ते त्या यादीतून तुम्हीच ड्रायव्हरला सांगायचं. क्रमांक चुकला तर आवाज नाही किंवा चित्र नाही, एवढंच. सर्व्हर कोसळण्याचं मूळ याहून खोल होतं.

पालचं पूर्ण चित्र ७६८ बाय ५७६ ठिपक्यांचं. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर सेकंदाला सुमारे २२ मेगाबाइट माहिती होते. एवढा लोंढा प्रोसेसरनं स्वतः उचलून ठेवायचा म्हटलं, तर त्याला दुसरं काही सुचणार नाही. म्हणून कार्ड डीएमए पद्धतीनं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मेमरीत लिहितं. बीटी८४८ची तऱ्हा आणखी न्यारी. कोणती ओळ कुठल्या पत्त्यावर ठेवायची याच्या आज्ञांची यादी ड्रायव्हर मेमरीत लिहून ठेवतो, आणि चिप ती स्वतः वाचून अमलात आणते.

इथेच धोका आहे. समजा, टीव्हीचा प्रोग्राम बंद झाला आणि त्याची मेमरी दुसऱ्या कामाला दिली गेली, पण चिपला थांबायला सांगायचं राहून गेलं. ती इमानेइतबारे जुन्याच पत्त्यांवर लिहीत राहते. त्या जागी आता फाइल सिस्टिमचा हिशेब असेल, तर त्यावर बातम्या देणाऱ्या निवेदिकेचं चित्र सांडतं. थोड्या वेळानं फाइल सिस्टिम कोलमडते आणि पडद्यावरच्या अहवालात तिचंच नाव येतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

दुसरं दुखणं इंटरप्टचं. पीसीआय पट्टीवरची अनेक कार्डं प्रोसेसरला हाक मारण्यासाठी एकच तार वाटून घेतात. टीव्ही कार्ड आणि डिस्कचा कंट्रोलर एकाच तारेवर आले आणि कार्डाची हाक कुणीच आपली मानली नाही, तर ती हाक थांबतच नाही. यावर कर्नलमध्ये पुढे एक नियम आला. एक लाख हाकांपैकी ९९,९०० बेवारस निघाल्या, तर ती तारच बंद करायची. नियम शहाणपणाचा आहे, पण त्याच तारेवरची डिस्कही मग मुकी होते.

तिसरं कारण मदरबोर्डाचं. त्या काळी प्रोसेसरचं काम वाचवायला टीव्ही कार्ड मेमरीऐवजी सरळ ग्राफिक्स कार्डातच चित्र लिहीत असे. एका पीसीआय कार्डानं दुसऱ्या कार्डाशी असं परस्पर बोलणं काही चिपसेटना झेपायचं नाही, आणि अख्खी मशीन गोठायची. यात कार्डाचीही चूक नाही आणि ड्रायव्हरचीही.

मग खरा गुन्हेगार शोधायचा कसा? गोठलेली मशीन काहीच सांगत नाही. कर्नलचे शेवटचे शब्द टेक्स्ट पडद्यावर उमटतात, पण समोर ग्राफिक्स चालू असल्यानं ते दिसत नाहीत. डिस्कवरच्या नोंदवहीत पोहोचण्याआधीच सगळं थांबलेलं असतं. म्हणून लोकांनी सीरियल केबलनं शेजारी दुसरा संगणक जोडला आणि ते शेवटचे शब्द त्यावर टिपून घेतले. कळफलकावरच्या सिसआरक्यू कळीनं गोठलेल्या कर्नलला निदान डिस्क सावरून बंद हो म्हणता येत असे. ड्रायव्हरच्या कागदपत्रांत मशीन गोठण्यावरच एक वेगळी टिपण होती. नुसतं ‘मशीन गोठते’ असं कळवून उपयोग नाही, पुरावा आणा, असा तिचा रोख होता.

पुरावा गोळा करण्याची रीत वैद्याच्या निदानासारखी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कार्ड दुसऱ्या खाचेत बसवायचं, म्हणजे इंटरप्टची तार बदलते. ग्राफिक्सशिवाय नुसतं मुद्रण करून पाहायचं. कार्डांमधलं परस्पर लेखन बंद करायचं. रात्रभर मेमरीची चाचणी लावायची. बंद स्रोताचा ग्राफिक्स ड्रायव्हर लादलेला असेल, तर तो काढून तोच प्रयोग पुन्हा करायचा. असा ड्रायव्हर चढवला की कर्नल स्वतःला ‘डागाळलेला’ म्हणून जाहीर करतो, आणि त्यातल्या बिघाडाचा छडा लावायला विकासक नाखूश असतात. जो कोड वाचताच येत नाही, त्याची जबाबदारी घ्यायची कुणी?

या सगळ्या खटाटोपामागे एक जुना वाद आहे. १९९२च्या जानेवारीत अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनस टॉरवाल्ड्स यांच्या रचनेवर जाहीर टीका केली. लिनक्समध्ये सगळे ड्रायव्हर कर्नलच्या आत, पूर्ण अधिकारानिशी चालतात. टॅनेनबॉम यांचा आग्रह होता की कर्नल लहान असावा आणि बाकी कामं वेगळ्या कोठडीत चालावीत. म्हणजे एक पडलं तरी घर उभं राहतं. टॉरवाल्ड्स यांनी वेग आणि साधेपणाच्या बाजूनं कौल दिला, आणि बाजारानंही तोच दिला. पण २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड तपासला, तेव्हा ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पटींपर्यंत आढळलं. पाहुण्याला दिवाणखान्यात बसवण्याऐवजी घराच्या किल्ल्याच हाती दिल्या होत्या, असं म्हणायला हरकत नाही.

तरीही लिनक्सनं घर पाडून नवं बांधलं नाही. एकेक कुलूप बसवत नेलं. परस्पर लेखन न झेपणाऱ्या चिपसेटांची नोंद कर्नलच्या एका फाइलीत होत गेली, आणि तशी मशीन दिसली की बीटीटीव्ही आपणहून सावध होऊ लागला. २००५ साली केडम्पची सोय आली. त्यात कोसळलेल्या कर्नलची मेमरी जपायला दुसरा छोटा कर्नल उठतो. २००८च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये इंटेलच्या आयओएमएमयूला आधार मिळाला. कार्डानं मेमरीत कुठे लिहायचं आणि कुठे नाही, यावर हा पहारेकरी नजर ठेवतो. हार्डवेअर तसं असेल आणि सोय चालू असेल, तर वाट चुकलेलं लेखन दारातच अडतं आणि अहवालात खऱ्या चोराचं नाव येतं.

तोवर ते प्रसारणच संपत आलं होतं. अमेरिकेतल्या पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रसारण १२ जून २००९ रोजी थांबलं, ब्रिटनचं २०१२ साली. ड्रायव्हर मात्र टिकला, कारण बीटी८७८च्या चिपा सुरक्षा कॅमेऱ्यांच्या कार्डांतही होत्या. २०२३ साली त्याचं अंतरंग नव्या पद्धतीवर नेलं गेलं, आणि दुसऱ्या कार्डात परस्पर लिहिण्याची ती जुनी वाट काढून टाकली गेली.

तुमच्या घरी आज ट्यूनर कार्ड नसेल. पण एखाद्या कपाटात फोटो साठवणारी मशीन असेल, आणि तिच्यात कुठलंसं स्वस्त कार्ड तुम्ही उद्या खोचाल. ती गोठली तर अहवालात ज्याचं नाव येईल त्यालाच दोषी धरू नका. कार्डाची खाच बदला, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, आणि शेवटचे शब्द टिपायला दुसरं मशीन जवळ ठेवा. कर्नलमधली ती बिघडलेल्या चिपसेटांची यादी अशाच चिकट माणसांनी भरली आहे. त्यांतल्या अनेकांना फक्त टीव्ही पाहायचा होता.