रडण्यासाठी व्हिसा

सप्टेंबर 2016. न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू आर्मरीत, जिथे एकेकाळी पलटणीची कवायत चालायची त्या अवाढव्य हॉलमध्ये, काँक्रीटचे अकरा पोकळ मनोरे उभे राहिले. उंची चारेक मजल्यांची. प्रत्येकाला खाली एक बुटकं तोंड. प्रेक्षकांनी कमरेत वाकून आत शिरायचं. आत काही माणसं बसलेली असायची आणि ती रडत असायची. ध्वनिमुद्रण नाही, स्पीकर नाहीत. प्रत्यक्ष कंठातून, आपापल्या भाषेत, आपापल्या गावच्या रीतीनं.

टेरिन सायमन या अमेरिकन कलावतीची ही कलाकृती, नाव ‘अ‍ॅन ऑक्युपेशन ऑफ लॉस’. मनोऱ्यांची आखणी वास्तुरचनाकार शोहेई शिगेमात्सु यांची. जगभरातून तीसहून अधिक धंदेवाईक शोकगायक आणलेले: उत्तर अल्बेनियाचे, ग्रीसच्या एपिरसचे, घानाचे, येझिदी समाजातले, व्हेनेझुएलातल्या वायू जमातीचे. वायूंच्या विलापावर मृताचा आत्मा आकाशगंगेपर्यंत सुखरूप पोचवण्याची जबाबदारी, तर येझिदींच्या विलापात हाकलून लावलेल्या लोकांच्या वाटा. सगळे एकाच वेळी रडत. मनोऱ्यात एकच शोक अंगावर यायचा; बाहेर पाऊल टाकलं की अकराही एकमेकांत मिसळायचे आणि सगळा हॉल एखाद्या पाइप ऑर्गनसारखा घुमायचा. दिवसा मनोरे रिकामे असत. तेव्हा पाहुण्यांनी आत जाऊन आपलाच आवाज लावून पाहावा, अशी सोय होती.

मनोऱ्यांचं नातं सायमन यांनी पारशांच्या दख्म्यांशी, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यांशी, जोडलं होतं. मुंबईकराला इथे मलबार हिलची डुंगरवाडी आठवणार आणि थोडं हसूही येणार. कारण मेलेल्यासाठी फार रडू नये, असंच झरथुष्ट्री परंपरा सांगते. ‘अर्दा विराफ नामा’त परलोक पाहून आलेला विराफ एका नदीचं वर्णन करतो. मागे राहिलेल्यांच्या अश्रूंची ती नदी ओलांडताना आत्म्यांची दमछाक होते. याज्ञवल्क्य स्मृतीचा सूरही वेगळा नाही: नातलगांनी गाळलेले अश्रू आणि शेंबूड प्रेताला नाइलाजानं भोगावे लागतात, तेव्हा रडू नका, क्रियाकर्म करा.

धर्मशास्त्रांनी नुसती समजूत घातली. राज्यकर्त्यांनी कायदेच केले. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी अथेन्समध्ये सोलोननं गाल ओरबाडण्यावर, बांधीव शोकगीतांवर आणि परक्याच्या मयतीत गळा काढण्यावर बंदी घातली. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यातही, इ. स. पूर्व पाचव्या शतकात, बायकांनी गाल ओरबाडू नयेत, विलाप करू नये असं कलम आहे. पुढे धर्मसत्ताही कडक झाली: चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास जॉन क्रिसोस्टम या धर्मगुरूनं, भाड्यानं रडणाऱ्या बायका आणणाऱ्याला चर्चबाहेर ठेवण्याची धमकी दिली.

एवढी भीती रडण्याची? रडण्याची नव्हे, त्यात बोलल्या जाणाऱ्या गोष्टींची. आयर्लंडचं उदाहरण घ्या. अठराव्या शतकात तिथल्या कॅथलिक माणसाला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगायची मुभा नव्हती. आर्ट ओ’लिअरी नावाच्या तरुण सरदारानं आपली घोडी त्या भावात द्यायला नकार दिला आणि 1773 मध्ये तो गोळी लागून मेला. त्याची बायको आयलीन हिच्या नावावरचा विलाप हा आयरिश साहित्यातला मोठा ठेवा मानतात. त्यात नवऱ्याचं रूप आहे, घोडी आहे, रक्त आहे आणि घोडी मागणाऱ्या अ‍ॅब्रहॅम मॉरिसला दिलेले तळतळाटही आहेत. कोर्टात जे बोलता येत नव्हतं ते प्रेताशेजारी बोलता आलं. पुढे अनेक वर्षांनी हा विलाप कागदावर उतरला, तोही एका धंदेवाईक रडणारीच्या तोंडून. अशा बायकांना मोबदला म्हणून पैसे आणि दारू मिळे. चर्चनं त्यांच्यामागे शतकानुशतकं ससेमिरा लावला. 1951 मध्ये लोकसंगीताचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स टेपरेकॉर्डर घेऊन आयर्लंडमध्ये फिरला, तोवर हा धंदा आठवणीत उरला होता. डोनेगलच्या किटी गॅलहरकडून त्यानं विलाप ध्वनिमुद्रित केला.

आपल्याकडे हा विषय निघाला की पहिलं नाव येतं ‘रुदाली’. महाश्वेतादेवींची ही कथा 1979 ची, कल्पना लाजमींचा चित्रपट 1993 चा. चित्रपटात डिंपल कपाडियाचे कोरडे डोळे लक्षात राहतात. कथेत लक्षात राहतं ते दरपत्रक. नुसतं रडायचा दर वेगळा, लोळण घेऊन रडायचा वेगळा, डोकं आपटायचा त्याहून वेगळा. महाश्वेतादेवींना दुःखाइतकाच त्याचा बाजार दिसला होता, म्हणून कथा चित्रपटापेक्षा सरस.

सायमन यांनाही तो दिसला, फक्त त्यांच्या बाजाराचं दप्तर सरकारी होतं. बाहेर पडताना प्रेक्षकांच्या हाती एक पुस्तिका पडे. तिच्यात शोकगायकांच्या अमेरिकी व्हिसासाठी केलेल्या अर्जांतले उतारे होते. हा व्हिसा पी-3 वर्गाचा, म्हणजे ‘सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य’ कार्यक्रमांचा. अमुक बाईचं रडणं अस्सल आहे आणि तिच्या समाजाचंच आहे, हे तज्ज्ञांनी पत्र लिहून सिद्ध करायचं आणि मग साहेबानं शिक्का मारायचा. सोलोननं रडणं थांबवलं होतं. इथे त्याला मुदतीचा परवाना मिळाला. मनोऱ्यांपेक्षा ही कागदपत्रं जास्त बोलकी आहेत. एप्रिल 2018 मध्ये ‘आर्टएंजल’नं हीच कलाकृती लंडनच्या इझलिंग्टनमध्ये जमिनीखालच्या एका जागेत मांडली.

मराठी मुलखातही हेल काढून रडण्याची रीत आहे. परगावची लेक दारात आली की गळा काढते, ओसरीवरच्या बायका तिला धरतात आणि मग गेलेल्याचे गुण एकेक करून, ठरलेल्या चढउतारात बाहेर येतात. अधूनमधून दिराला एखादा टोमणाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज वाचायला-ऐकायला मिळतात. हेलाचंही असं जतन व्हायला हवं. मर्तिकाच्या घरात फोन पुढे करणं वाईटच. पण एखाद्या निवांत दुपारी घरातल्या आजीला विचारा, तिच्या आईसाठी ती काय म्हणून रडली होती. ती सांगायला तयार असेल, तर रेकॉर्ड करून ठेवा.